पट्टीवरचा शेवटचा आकडा

६ फेब्रुवारी

चिरंजीव पुरोबा,

आशीर्वाद. पुरोबा म्हटलं की तू अजूनही चिडतोस हे ठाऊक आहे मला, पण पुरात जन्मलास त्याला मी काय करू? चोपन्न वर्षांचा झालास, आता तरी सवय कर.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं नवं यंत्र समोरच्या माणसापुरतं बरं आहे, फोनवर मात्र नुसती खरखर. आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

परवा सकाळी खोली उघडायला गेले तर चौकटीवर लाल रंगाने फुली आणि खाली आकडा. खोली म्हणजे आपली जुनी राहती खोली, जिथे मी आता देवळात आणि स्नानाला जाणाऱ्यांच्या चपला-पिशव्या सांभाळते तीच. मी फडकं घेऊन पुसायला लागले तर शेजारचा नावाडी धावत आला, "अहो ताई, पुसू नका, गुन्हा होतो." आपल्या घराला दुसऱ्याने रंग फासायचा आणि आपण पुसला तर गुन्हा! उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग कळलं ते असं. घाटाच्या सगळ्या पायऱ्या बुजवायच्या, तिथे काठाने उंच काँक्रीटची भिंत बांधायची, भिंतीवर फिरायला रुंद रस्ता, हॉटेलं आणि रंगीत कारंजी. नदीत उतरायला एका टोकाला लोखंडी जिना. सगळा जन्म जिला आई म्हटलं तिला भेटायला म्हाताऱ्या माणसांनी रांग लावून लोखंडी जिना उतरायचा. मी देवभोळी नाही हे तुला माहीत आहे, पण पहाटे त्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

मोजणीवाल्या पोराला मी म्हटलं, "अरे, मोठा पूर आमच्या खोलीत शिरला होता. तुमच्या भिंतीवरून पाणी आत येईल आणि मग बाहेर जायला वाट नाही. अख्खं गाव हौदासारखं भरेल." तो म्हणतो कसा, "आजी, पूर तीस फुटांच्या वर कधी गेलेला नाही. भिंत तेहतीस फुटांना आहे. आणि ही नोंद तुमच्याच वडिलांची आहे."

दादांची! ज्या माणसाने एकतीस वर्षं घाटावरची पट्टी वाचली, रोज सकाळी आठला पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते वहीत लिहिलं, एक दिवस चुकवला नाही, ज्याच्या नावाची पाटी घाटावर लागली आहे, त्याच्या नावावर हे खोटं खपवतायत. तू त्याच नदी खात्याच्या कचेरीत नकाशे काढतोस. तुझ्या जन्माच्या वर्षीची दादांची वही शोध आणि पान मला पाठव. सुनावणी मार्चअखेर आहे. मग बघते एकेकाला.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचताना तुझा आवाज ऐकू येत होता, म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही आला असेल.

वही शोधतो. पण जुन्या वह्या तळघरात आहेत, तिथल्या कारकुनाची मर्जी सांभाळावी लागते, त्यामुळे आठ-पंधरा दिवस धर. एक सांगू? फार जिवाला लावून घेऊ नकोस. अशी कामं वरून ठरलेली असतात. भिंत काही वाईटच असते असं नाही, नीट बांधली तर गावाचं रक्षणच होतं. तुला नव्या बाजारात पक्की खोली मिळेल, छप्पर गळणार नाही, चपलांना कपाटं मिळतील.

आणि पूर खोलीत आला होता हे तुला नक्की आठवतंय का? तू अकरा वर्षांची होतीस. लहानपणी सगळंच मोठं दिसतं.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझा,
धाकटा


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

गुडघ्याचं नाव काढून विषय बदलायची खोड तुझी जुनी. शाळेत नापास झालास की घरी येऊन आईला विचारायचास, "आज पाठ दुखतेय का गं?"

नवी खोली नको मला. इथे रोज चार-पाचशे माणसं चपला ठेवतात आणि पन्नास पावलं चालून नदीत उतरतात. बाजारातून चपला सोडून कोण अनवाणी येणार? पण ह्या गावाला काय झालंय कळत नाही. पुजाऱ्याला भिंतीवरच्या रस्त्यावर गाळा मिळणार आहे, त्यामुळे तो म्हणतो, "नदी सगळं सांभाळते हो ताई." नावाड्याला इंजिनाची नवी बोट देणार आहेत. माझ्या अर्जावर सह्या मागायला गेले तर एकाचं पेन संपलेलं, एकाचा चष्मा हरवलेला, एकाला घाईची लागलेली. चाळीस घरं फिरले, सात सह्या मिळाल्या. त्यातली एक माझीच.

मला दादांचं पान हवं. दादांच्या आकड्यापुढे ह्या सगळ्यांची तोंडं बंद होतील. वही शोधायला किती दिवस लागतात रे? तळघर म्हणजे पाताळ आहे का?

ताई


९ मार्च

प्रिय ताई,

वही सापडली. पान सोबत पाठवतो आहे. नीट बस आणि मग बघ.

पुराचे तिन्ही दिवस नोंदलेले आहेत. तीस, तीस, तीस. चौथ्या दिवशी सव्वीस. अक्षर दादांचंच आहे, ते डावीकडे झुकणारं, आणि प्रत्येक शून्यावर ती बारीक शेंडी. तुला वाटत होतं तशी कुणी खाडाखोड केलेली नाही. पाणी तीस फुटांवर आलं, तीन दिवस तिथे थांबलं आणि उतरलं. आपल्या खोलीची जमीन एकतीसच्या वर आहे. म्हणजे पाणी उंबऱ्यापर्यंतही पोचलं नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. दादांनी लिहिलंय म्हणजे ते तसंच असणार. हे तूच मला लहानपणापासून शिकवलंस. अर्ज मागे घे, आणि थोडे दिवस इकडे ये. तुझ्या भाचीला तू हवी आहेस.

तुझा,
धाकटा


२९ मार्च

बाळा,

वीस दिवस पत्र लिहिलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला. उद्या सुनावणी आहे, तेव्हा आज लिहायलाच हवं.

ते अक्षर दादांचं नाही. माझं आहे.

तुला जन्माची गोष्ट अर्धीच माहीत आहे. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा नदी चढत होती आणि दवाखाना पलीकडच्या काठाला. नावाड्याच्या बापाने शेवटची नाव सोडली, त्यात दादा आईला घेऊन बसले. ड्यूटी सोडून. परवानगी न घेता. जाताना वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "सकाळी आठला पट्टी बघायची आणि आकडा लिहायचा. चुकवायचं नाही." त्यांना ताप आला की मी लिहायचेच, त्यांचं वळण मी अगदी शेंडीसकट उचललं होतं. त्यांना वाटलं संध्याकाळपर्यंत परततील. तीन दिवस अडकले.

मी नावाड्याच्या आईबरोबर देवळाच्या माडीवर होते. पहिल्या दिवशी आठला खिडकीतून बघितलं तर पट्टीचा शेवटचा खांबही बुडालेला. तुला आठवतं ना, पट्टीवर शेवटचा आकडा तीस होता? त्याच्यापुढे काही रंगवलेलंच नव्हतं. आपल्या खोलीत पाणी मला दिसत होतं, आईने तुझ्यासाठी आणलेला पाळणा तरंगत दारातून बाहेर आलेला मी बघितला. पण लिहायचं काय? पट्टीवर नसलेला आकडा कसा लिहायचा? मला वाटलं पट्टी तीसला संपते म्हणजे लिहायचंही तीसच. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी वर होतं, मी तीस लिहिलं. तिसऱ्या दिवशी तीस. मोठ्या इमानाने, ठीक आठ वाजता, अक्षर सांभाळून.

दादा तुला आणि आईला घेऊन आले. पायरीवर बसले, वही उघडून ते पान वाचलं. मला ओरडले नाहीत. म्हणाले, "अक्षर छान काढलंस." बास. मग छिन्नी घेऊन खोलीतल्या मधल्या दगडी खांबावर, जिथे गाळाचा डाग होता तिथे, त्यांनी एक रेघ खोदली. मी इतकी वर्षं धरून चालले होते की वहीतसुद्धा त्यांनी नंतर खरं लिहिलं असेल. दादा खोटं ठेवतील असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुझं पाकीट फोडलं आणि माझीच तीन शून्यं शेंड्या उभारून माझ्याकडे बघत होती.

मला दादांचा राग आलाय. त्यांच्या तसबिरीकडे बघवत नाही. आणि राग येतो म्हणून रडूही येतं. सांग, उद्या काय करू?

ताई

ता. क. हे पत्र सकाळच्या बसच्या चालकाकडे देते आहे, तो दुपारी तुझ्या कचेरीत पोचवेल. सुनावणी संध्याकाळी चारला आहे. तोच चालक उलट फेरीला साडेतीनला इथे येतो.


३० मार्च, दुपारी एक

ताई,

चालक समोर उभा आहे म्हणून घाईत लिहितो. यातलं काही बोलू नकोस.

विचार कर. दादांनी ड्यूटी सोडली, अकरा वर्षांच्या मुलीकडून सरकारी वही भरून घेतली आणि त्यावर गप्प राहिले, हे चार लोकांत तू स्वतः सांगणार? पाटी काढून टाकतील. ज्यांनी सह्या दिल्या नाहीत तेच उद्या तोंडाला पदर लावून हसतील. माणूस गेला, त्याचं नाव तेवढं उरलंय. ते तरी राहू दे. आणि इतकं करून भिंत थांबणार नाही ती नाहीच. हात जोडतो.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. वाचली, घडी करून कमरेला खोचली आणि जाऊन सगळं सांगितलं.

शाळेच्या हॉलमध्ये पोरांच्या बुटक्या बाकांवर सगळं गाव गुडघे छातीशी घेऊन बसलं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तो आकडा माझ्या वडिलांचा नाही. मी अकरा वर्षांची होते. पट्टी संपली म्हणून मी तीस लिहिलं. पाणी त्याच्या वर होतं." सुनावणी घेणाऱ्या साहेबाने मान हलवली आणि लेखनिकाला सांगितलं, "लिहा, हरकतदाराचं वय जास्त असल्याने स्मरणशक्तीबाबत शंका." मी म्हटलं, "साहेब, तेव्हा माझं वय कमी होतं तर माझा आकडा तुम्ही पन्नास वर्षं खरा धरलात. आता जास्त आहे तर बोलणं खोटं?" लोक हसले. मला वाटलं माझ्या बाजूने हसले, पण मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे म्हातारा कामचुकारच होता की." नावाडी होता तो. ज्याच्या बापाने पुरात नाव घातली त्याचा मुलगा.

मी खांबावरच्या रेघेचं सांगितलं. साहेब म्हणाला, "रेघ कुणीही ओढेल. खात्याच्या माणसाने मोजून सही केली तर विचार करू." आणि भिंतीवर टांगलेल्या नकाशाकडे हात केला. मी जवळ जाऊन बघितलं. एवढा सुबक नकाशा, आपला घाट, देऊळ, आपली खोली, तिच्यावर फुली. खाली उजव्या कोपऱ्यात काढणाऱ्याची सही.

तुझी सही मी ओळखणार नाही असं वाटलं होतं का तुला? पाटीवर हात धरून गिरवायला मी शिकवलीय ती.

महिनाभर "वही शोधतो", "कारकुनाची मर्जी", "चपलांना कपाटं". वही तुझ्या टेबलावरच असणार. त्यातूनच तर तू ती भिंत काढलीस. आणि मला हात जोडून सांगतोस, दादांचं नाव राखू या. दादांचं की तुझं रे? माझी चूक अकरा वर्षांच्या पोरीची होती. तुझी किती वर्षांच्या माणसाची आहे?

खोली रिकामी करायची नोटीस आली. तीस एप्रिल. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

ताई


११ एप्रिल

ताई,

उत्तर पाठवतो आहे, कारण तू बरोबर आहेस आणि ते गिळायला मला आठवडा लागला.

वही वर्षभर माझ्या टेबलावर आहे. नकाशाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला आनंद झाला होता हे आधी कबूल करतो. दादांच्या आकड्यांवरून मी आपल्या गावाची भिंत काढतोय, याचा अभिमान वाटला होता. ताई, तीन दिवस सारखाच आकडा! तोही पट्टीचा शेवटचा! पूर असा रांगेत उभा राहत नाही. दुसऱ्या कुणाची नोंद असती तर मी लाल पेन्सिलने गोल केला असता, कनिष्ठांना झापलं असतं. दादांचं अक्षर बघितलं आणि तपासायचं सोडून वहीला नमस्कार केला. तुला सांगायची हिंमत झाली नाही, आणि नंतर तुझं पत्र आलं तेव्हा आधी स्वतःच्या खुर्चीचा विचार आला. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. हे लिहितानाही लाज वाटते.

ती रेघ मला माहीत आहे. दर वाढदिवसाला दादा मला त्या खांबाला पाठ लावून उभं करायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "अजून बुडतोस रे." मला वाटायचं माझ्या उंचीची थट्टा करतायत. सतरा वर्षांचा असताना चिडून म्हटलं, "ह्याहून उंच मी होणार नाही, आता पुरे." ते हसले नाहीत. त्यानंतर कधी उभं केलं नाही. मला वाटतं ते मला सांगायचा प्रयत्न करत होते, आणि मी चपला घालून निघून गेलो.

आमच्या कचेरीतल्या साहेबांना भेटलो. म्हणाले, "आठवणींवर भिंती हलत नाहीत. तू तुझं काम केलंस, गप्प बस." मी रजा टाकली आहे. सोमवारी पातळी मोजायचं यंत्र घेऊन येतो. खांबासमोरचं चपलांचं फळकूट हलव, आणि तोपर्यंत खांबावर कुणाला चुना फासू देऊ नकोस.

येऊ ना?

धाकटा


१४ जून

चिरंजीव पुरोबा,

तुझं कार्ड मिळालं. तुला तळघरात जुन्या वह्यांच्या राखणीला बसवलं म्हणतोस. बरं झालं, आता कारकुनाची मर्जी सांभाळायला नको, कारकून तूच.

तू गेल्यापासूनचं सगळं सांगते. नावाडी दुसऱ्याच दिवशी आला. तू दोन तास उन्हात यंत्राला डोळा लावून वाकलेला असताना तो लांबून बघत होता. म्हणाला, "ताई, रेघ सदतीसला आहे म्हणे. म्हणजे भिंतीच्या वर चार फूट?" मी म्हटलं, "तुझी इंजिनाची बोट भिंतीवरच बांधून ठेव, सोयीचं पडेल." तो दुसऱ्या दिवशी अर्जावर सही करून गेला, आणि त्याच्यामागे आणखी एकोणीस. पुजाऱ्याचा चष्मा मात्र अजून सापडलेला नाही.

मोजणीनंतर तू काढलेल्या नव्या नकाशाची प्रत मी काचेत लावलीय. खाली तू लिहिलंस ते रोज वाचते: "पुराच्या तीन दिवसांची नोंद अपुरी आहे. पट्टी संपली होती. पाणी वर होते." आणि खाली तुझी पूर्ण सही, तारखेसकट. एवढंच वाक्य होतं रे. मला तेव्हा सुचलं नाही आणि दादा नंतर धजले नाहीत. दादांची काढून ठेवलेली तसबीर मी घरी पुन्हा भिंतीवर लावलीय. राग गेलेला नाही, पण एका घरात राहायचं तर बोलणं किती दिवस टाकणार?

आता वाईट बातमी. खोली पाडली. तुझा कागद वर पोचायच्या आत पाडणारं यंत्र आलं. घाटाच्या वरच्या सहा पायऱ्या उखडल्या. मी आडवी पडणार होते, पण गुडघ्याने साथ दिली नाही, बसले ती उठवेना. खाली माझी पायरी अजून आहे. तिसऱ्या दिवशी सुनावणीच्या साहेबाचा माणूस धावत आला, खांब पाडू नका म्हणाला, तो आता पुरावा आहे. फेरमोजणी होईपर्यंत काम थांबलंय. फेरमोजणी कधी, तर पुढच्या वर्षी. कोण करणार, तर अजून ठरलेलं नाही. भिंत रद्द झाली का, तर नाही. मी रोज विचारायला जाते आणि रोज तोच पोरगा "आजी, बसा" म्हणतो.

तर चारी बाजूंना विटांचा ढीग आणि मधे आपला खांब एकटाच उभा आहे. सावलीला वर ताडपत्री बांधलीय आणि चपला त्याच्याभोवती मांडते. गंमत अशी की लोक चपला काढतात आणि नदीकडे जायच्या आधी खांबाच्या पाया पडतात. काल एका बाईने रेघेला हात लावून तो डोळ्यांना लावला आणि मला विचारलं, "हे कुठलं दैवत हो, आजी?"

मी म्हटलं, "दैवत नाही बाई, माझी चूक आहे ती. हात लावायचा तर लाव, पण पुसू नकोस."

तुझी,
ताई